राग, गारपीट आणि रात्रीची वही
वाचकांचे प्रश्न

स्टोइक तत्त्वज्ञान आणि सजगतेचा, म्हणजे या क्षणी काय चाललंय याकडे लक्ष देण्याचा, सराव रोजच्या धबडग्यात कसा बसवायचा, याबद्दल नाशिक शहरातून आणि जिल्ह्यातून बरीच पत्रं आली. त्यातले सहा प्रश्न या वेळी घेतले आहेत. विषय नवा असणाऱ्यांसाठी थोडंसं : इसवी सनापूर्वी ३००च्या सुमारास झेनो नावाच्या माणसाने अथेन्समधल्या एका चित्रांनी सजवलेल्या ओवरीत शिकवायला सुरुवात केली, तिथून ही परंपरा निघाली. पुढे रोमन काळातल्या तिघांचं लिखाण किंवा शिकवण आपल्यापर्यंत पोचली. सेनेका हा सम्राटाचा सल्लागार, एपिक्टेटस गुलाम म्हणून जन्मलेला, आणि मार्कस ऑरेलियस खुद्द सम्राट. तिघांची परिस्थिती इतकी वेगळी असूनही त्यांचा रोजचा सराव जवळपास एकच होता, आणि तो आजही जसाच्या तसा करता येतो.

प्रश्न : अंबड एमआयडीसीत मशीन शॉपमध्ये सुपरवायझर आहे. राग नाकावर असतो. स्टोइक माणसाला राग येतच नाही असं एका व्हिडिओत ऐकलं, म्हणून महिनाभर राग येऊ द्यायचा नाही असं ठरवलं. कंपनीत कसंबसं जमतं, पण घरी गेल्यावर दुपटीने स्फोट होतो. कुठे चुकतंय?
— एक वाचक, सिडको

तुम्ही जे थांबवायला निघालात ते कुणालाच थांबवता येत नाही. सेनेकाने रागाचे तीन टप्पे सांगितले आहेत. पहिला नुसता धक्का : कान तापतात, जबडा आवळतो, छातीत धडधडतं. अंगावर गार पाणी पडलं की शहारा येतो, तसा हा धक्का आपल्याला न विचारता येतो. सेनेका त्याला राग म्हणतच नाही. दुसऱ्या टप्प्यात मन एक वाक्य बोलतं : ‘यानं मुद्दाम केलं, याला आता दाखवलंच पाहिजे.’ त्या वाक्याला आपण होकार दिला की तिसरा टप्पा, लगाम सुटलेला राग. करायचं ते सगळं काम दुसऱ्या टप्प्यावर असतं. तुम्ही महिनाभर पहिल्या टप्प्याशी झुंजत राहिलात आणि दमलात.

दुसऱ्या शतकातला लेखक ऑलस गेलियस याने एक प्रसंग नोंदवला आहे. समुद्रात वादळ आलं आणि बोटीवरचा एक नावाजलेला स्टोइक तत्त्वज्ञही भीतीने पांढराफटक पडला. वादळ ओसरल्यावर कुणीतरी त्याबद्दल विचारलं, तेव्हा त्याने पिशवीतून एपिक्टेटसच्या शिकवणीचं पुस्तक काढून दाखवलं. त्यात लिहिलं होतं की चेहरा पांढरा पडणं शहाण्यालाही चुकत नाही. ‘आता सगळं संपलं’ या विचाराला मात्र तो मान डोलवत नाही.

आता कृती. दिवसातला एकच प्रसंग निवडा, सगळा राग एकदम धरू नका. समजा, शिफ्ट बदलताना आधीच्या माणसांनी रिजेक्ट झालेले जॉब, म्हणजे मशीनवर बनवलेले भाग, नोंद न करता तसेच ठेवलेले असतात आणि तिथे तुमचं डोकं फिरतं. शिफ्टवर जाण्याआधी पाच मिनिटं गाडी स्टँडला लावून तिथेच उभे राहा आणि स्वतःला सांगा : आज जॉब तसेच पडलेले असतील, कुणीतरी उडवाउडवीची उत्तरं देईल. मार्कस ऑरेलियस रोज सकाळी हेच करायचा. आज आगाऊ, कृतघ्न, उद्धट माणसं भेटणार, हे तो आधीच स्वतःला सांगून ठेवायचा.

प्रत्यक्ष प्रसंग आला की धक्का कुठे बसतो ते अंगात शोधा. बहुतेकांचा जबडा किंवा उजवा हात सांगतो. मग तीन श्वास, घेताना चार आकडे, सोडताना सहा. सोडणं लांब हवं, कारण लांब उच्छ्वासाने हृदयाचे ठोके थोडे मंदावतात. त्यानंतर मनातल्या वाक्याला उद्देशून म्हणा : ‘तू नुसता माझा समज आहेस, तुला आधी तपासतो.’ एपिक्टेटसने आपल्या विद्यार्थ्यांना हेच करायला सांगितलं होतं. तपासायचं एवढंच की डोळ्यांनी काय दिसलं आणि त्यात मी काय घातलं. दिसलं हे : बारा जॉब, नोंद नाही. घातलं हे : ‘हा कामचुकार आहे, मला किंमत देत नाही.’ मग बारा जॉबबद्दल बोला, ठणकावून बोला, गरज असेल तर लेखी द्या. चूक सोडून देणं यात कुठेही नाही. कामगाराला समज देताना तुमचा आवाज मोठा असू शकतो, डोकं जागेवर असलं म्हणजे झालं.

घरी स्फोट का होतो तेही समजून घ्या. दात आवळून श्वास मोजले की ते वाक्य तपासलं जात नाही, नुसतं खिशात राहतं. संध्याकाळी ते बायकोपोरांसमोर बाहेर येतं. शिवाय थकलेला आणि भुकेला माणूस लवकर चिडतो हे सेनेकानेही लिहून ठेवलं आहे. रात्रपाळी करून चार तास झोपणाऱ्याला कुठलंही तत्त्वज्ञान पुरं पडणार नाही. घरात शिरल्यावर आधी खा, मग बोला. आणि ‘तुझ्या हातात काय आहे ते बघ’ हे स्टोइकांचं वाक्य बायकोला ऐकवू नका. हा सराव स्वतःवर करायचा असतो, दुसऱ्यावर चालवला की तो टोमणा होतो.

प्रगती मोजायची एपिक्टेटसची रीत सोपी आहे. आधी रोज चिडायचो, मग दिवसाआड, मग दोन दिवसांआड, मग तीन. सलग तीस दिवस न चिडता गेले तर देवाला नैवेद्य दाखव, असं तो म्हणतो. भिंतीवरच्या कॅलेंडरवर ज्या दिवशी होकार दिला गेला त्या दिवशी फुली मारा. नुसता धक्का बसला आणि तिथेच थांबला, तर फुली नाही.

प्रश्न : डोळे मिटून वीस मिनिटं बसायचा प्रयत्न करते. दोन मिनिटांत मन परीक्षेकडे, मोबाइलकडे धावतं. मला ध्यान जमणार नाही असं वाटू लागलंय.
— एक विद्यार्थिनी, कॉलेज रोड

वीस मिनिटं फार झाली. पाचपासून सुरू करा. खुर्चीवर बसा, पाठ टेकवू नका, तळवे जमिनीला लागू द्या. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा आणि वेळेसाठी साधं गजराचं घड्याळ वापरा. प्रत्येक उच्छ्वासाला एक आकडा, एक ते दहा, की परत एक. तेरा-चौदावर पोचलात तर समजायचं की मन गेलं होतं. वैतागायचं नाही, एकवर परत यायचं. हे परत येणं म्हणजेच व्यायाम. पाच मिनिटांत पंधरा वेळा मन भटकलं आणि पंधरा वेळा परत आणलं, तर बैठक उत्तम झाली असं समजा.

डुलकी लागत असेल तर जेवणानंतर बसू नका आणि डोळे अर्धे उघडे ठेवा. श्वासाकडे लक्ष देताच घुसमट होते असं काहींना वाटतं. त्यांनी श्वास सोडून द्यावा आणि तळव्यांचा जमिनीला होणारा स्पर्श धरावा. दोन आठवड्यांनी दहा मिनिटं करा. इगतपुरीला धम्मगिरीवर दहा दिवसांची विपश्यना शिबिरं होतात, तिथे मौन पाळून दिवसाकाठी सुमारे दहा तास बसतात. तो वेगळा, खोल प्रवास आहे आणि घरच्या पाच मिनिटांची त्याच्याशी तुलना करू नका.

एक गोष्ट मात्र आमच्या मते बहुतेकांची राहून जाते. सजगतेने मनात काय चाललंय ते दिसतं, पण दिसलेल्या विचाराला ‘तू खरा आहेस का?’ असं विचारण्याचं काम स्टोइक सराव करतो. उठण्याआधी शेवटचं अर्धं मिनिट, मन सारखं ज्या विचाराकडे पळत होतं तो कागदावर एका ओळीत लिहा. ‘नापास झाले तर सगळं संपेल’ असं असेल, तर खाली लिहा : संपेल म्हणजे नेमकं काय काय होईल? उत्तर लिहिताना ‘सगळं’ हा शब्द बहुधा टिकत नाही.

प्रश्न : निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे. जे आपल्या हातात नाही ते सोडून द्या, असं तुम्ही लोक लिहिता. गारपिटीने तयार माल गेला, सोसायटीचं कर्ज डोक्यावर आहे. हे सोडून कसं द्यायचं? आम्हाला हे वाचून चीड येते.
— एक शेतकरी

तुमची चीड रास्त आहे. ‘सोडून द्या’ हा त्या विचाराचा अर्धवट आणि सोयीस्कर तुकडा आहे, आणि ज्याचं काहीच गेलेलं नसतं तोच तो सहज बोलतो. स्टोइकांचा मूळ दाखला धनुर्धराचा आहे, तो रोमन लेखक सिसेरोने नोंदवून ठेवला आहे. बाण निवडणं, नेम धरणं, दोरी पूर्ण ताणणं हे धनुर्धराचं काम आणि त्यात तो काही कमी ठेवत नाही. बाण सुटल्यावर वारा आला तर त्याचं कौशल्य कमी ठरत नाही. छाटणीपासून काढणीपर्यंत तुम्ही काय केलं हे तुमचं माप, आणि गारपीट त्या मापात येत नाही. हे नुसतं समाधान करून घेणं नव्हे. ‘मी नालायक शेतकरी आहे, बाकीच्यांच्या बागा वाचल्या’ हा विचार रात्री छळतो, त्याला दिलेलं हे खरं उत्तर आहे.

आता कागद घ्या आणि मधे रेघ मारा. गारपीट, भाव, कर्जाबद्दल वर काय ठरेल, निर्यातीचे नियम, हे उजवीकडे. मग उजवीकडच्या प्रत्येक ओळीला विचारा, की यातलं माझ्या हाताने होणारं काम कोणतं? ते डावीकडे लिहा. उजवीकडे ‘कर्ज’ असेल तर डावीकडे ‘सोसायटीत आणि बँकेत जाऊन पुनर्गठनासाठी लेखी अर्ज देणं, पोच घेणं’. उजवीकडे ‘नुकसानभरपाई’ असेल तर डावीकडे ‘बागेचे तारखेसह फोटो, पंचनाम्याला स्वतः हजर राहणं, विमा असेल तर कंपनीला मुदतीत कळवणं’. उजवीकडे ‘व्यापारी पैसे देईल का’ असेल तर डावीकडे ‘पुढचा सौदा तोंडी करायचा नाही’. डावीकडची कामं छोटी आणि तारखेची हवीत. ‘हिंमत ठेवणं’ असं काही तिथे लिहू नका, त्याची तारीख लागत नाही.

वाईटाची आधी कल्पना करण्याचा स्टोइकांचा सरावही तुमच्यासाठीच आहे, पण तो चुकीच्या वेळी केला तर काळजीत भर पडते. वेळ ठरवा : ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत, आठवड्यातून एकदा, भर दिवसा, पंधरा मिनिटं. रात्री नाही, मोबाइलवर हवामान बघता बघता तर मुळीच नाही. स्पष्ट शब्दांत लिहा : ‘फुलोऱ्यात सलग पाऊस लागला, कूज झाली, निम्मे घड गेले.’ किंवा ‘काढणीच्या तोंडावर पाऊस झाला, मणी तडकले.’ त्याखाली दुसऱ्या दिवशी सकाळी करायची पहिली तीन कामं लिहा, वही मिटा आणि उठून बागेत काहीतरी हाताने करा. सराव बिघडला हे ओळखायची खूण म्हणजे तेच वाक्य तिसऱ्यांदा मनात येतं आणि नवं काम एकही सुचत नाही. तिथे थांबायचं. सेनेकाने त्याच्या मित्राला लिहिलं होतं की आपण प्रत्यक्षापेक्षा कल्पनेत जास्त सोसतो. तुमचं तर प्रत्यक्षातही सोसून झालं आहे, कल्पनेतलं ओझं वर नको.

सेनेका आणखी एक सांगतो : प्रत्येक बेताला ‘आड काही आलं नाही तर’ हे जोडून ठेवा. आपल्याकडची जुनी माणसं ‘देवाच्या मनात असेल तर’ म्हणतच असतात. ‘यंदा बाग चांगली आणायची, आड काही आलं नाही तर’ असं म्हटल्याने कष्ट कमी होत नाहीत, पण निकाल उलटा लागला तर माणूस मुळापासून उखडत नाही.

माल गेला त्या दिवशी रडू आलं तर रडा. सेनेकाही दुःखात डोळे अगदी कोरडे ठेवा असं म्हणत नाही, ते वाहत राहू नयेत एवढंच म्हणतो. पण झोप, भूक दोन आठवडे उडाली असेल, जगण्यात अर्थ नाही असे विचार येत असतील, तर वही बाजूला ठेवा आणि आजच १४४१६ या टेलि-मानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. घरातल्या एका माणसाला आजच सांगा. डावीकडच्या यादीत हे सगळ्यात वर लिहायचं काम आहे.

प्रश्न : समर्थांनी जिथे तप केलं ती टाकळी आपल्या नाशकात. मग ग्रीक-रोमनांकडे कशाला जायचं?
— एक ज्येष्ठ वाचक, पंचवटी

ज्यांच्या ओठांवर मनाचे श्लोक आहेत त्यांनी तेच वापरावेत, कशाचीही अदलाबदल करायची गरज नाही. समर्थ मनाला थेट हाक मारून बोलतात. मार्कस ऑरेलियसही आपल्या टिपणांत स्वतःला ‘तू’ म्हणून बजावतो. रीत एकच आहे, पोचण्याचं ठिकाण वेगळं : समर्थ रामाकडे नेतात, स्टोइक विवेकाकडे आणि विश्वाच्या नियमाकडे. स्टोइकांकडून घेण्यासारखी गोष्ट म्हणजे दिवसाचा लेखी हिशेब. सकाळी श्लोक, रात्री वही, असं अगदी छान जमतं. एकच श्लोक आठवडाभर धरा आणि तो कोणत्या प्रसंगी म्हणायचा ते आधी ठरवा. नुसतं पाठांतर ऐन वेळी आठवत नाही.

प्रश्न : रोज पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला जातो. जागेवरून, बॅगेवरून वाद ठरलेले. दिवसाची सुरुवातच खराब होते.
— एक वाचक, नाशिक रोड

एपिक्टेटसने सार्वजनिक स्नानगृहाबद्दल जे सांगितलं ते गाडीच्या डब्याला तंतोतंत लागू पडतं. निघण्याआधी तिथे काय काय होतं ते आठव, म्हणतो तो : पाणी उडतं, धक्काबुक्की होते, शिव्या होतात, चोऱ्या होतात. मग स्वतःला सांग की मला दोन गोष्टी करायच्या आहेत, अंघोळ आणि मन ताळ्यावर ठेवणं. तुम्ही फलाटावर म्हणा : मला दादरला पोचायचंय आणि मनही ताळ्यावर ठेवायचंय. वाद झाला की पहिलं काम अजून चालूच आहे हे आठवा आणि दुसरं वाचवा. उभं राहावं लागलं तर इगतपुरीपर्यंत तळव्यांवरचा भार, हातातल्या बॅगेचं वजन, एवढ्यावरच लक्ष ठेवा. कसारा घाट लागला की वाटल्यास मोबाइल काढा.

प्रश्न : सासूबाई दिवसभर टोमणे मारतात. ‘दुर्लक्ष कर, मन शांत ठेव’ असं सगळे सांगतात. स्टोइक होणं म्हणजे हे मुकाट सोसणंच का? शिवाय मी रात्री वहीत लिहायला लागले, तर ती वही स्वतःलाच दोष द्यायची जागा झाली आहे. झोप येत नाही.
— एक वाचक, इंदिरानगर

नाही, मुकाट सोसणं नव्हे. एपिक्टेटस म्हणतो की प्रत्येक गोष्टीला कढईसारखे दोन कान असतात, एकाला धरून ती उचलता येते, दुसऱ्याला धरून नाही. ‘या माझा अपमान करतात’ या कानाला धरलं तर बोलणंच खुंटतं. ‘या माझ्या घरातल्या आहेत, यांच्याशी रोजचं वागायचं आहे’ या कानाला धरलं तर निदान बोलता येतं. टोमण्याचे शब्द जसेच्या तसे आठवा. ‘भाजीत मीठ जास्त’ हे खरं असेल तर उद्या कमी घाला, विषय संपला. ‘माहेरी काही शिकवलंच नाही’ यातलं खरं काहीच नाही, ते उचलायचं नाही. दुपारचा चहा झाल्यावर, यजमान घरात असताना, एकदाच आणि शांतपणे सांगा : ‘आई, स्वयंपाकात काय हवं ते मला जरूर सांगा. माहेरचं नाव मात्र काढू नका.’ पुन्हा काढलं तर हेच वाक्य, वाढीव एक शब्द नाही. मारहाण, धमकी, पैशांची मागणी असं काही असेल तर हा स्वभावाचा प्रश्न राहत नाही. १८१ ही महिलांसाठीची हेल्पलाइन आहे, तिथे बोला.

आता वही. सेनेका रात्री दिवा मालवल्यावर, त्याची सवय ठाऊक असलेली पत्नी गप्प झाली की, सगळा दिवस डोळ्यांखालून घालायचा. ही सवय त्याने सेक्स्टियस या रोमन तत्त्वज्ञाकडून उचलली होती आणि सेक्स्टियसचे प्रश्न तीन : आज कोणती खोड दुरुस्त केलीस, कुठे स्वतःला आवरलंस, कशात सुधारलास? तिन्ही प्रश्न सुधारणेचे आहेत हे बघा. चूक सापडली की सेनेका स्वतःला म्हणायचा, या वेळी माफ केलं, पुन्हा असं करू नकोस. बहुतेक वह्या बिघडतात त्या इथेच, कारण माफीची ओळच लिहिली जात नाही.

तुमची वही अंथरुणावरून हलवा. जेवणाआधी, संध्याकाळी सातच्या सुमारास, टेबलावर बसून दहा मिनिटं लिहा. पान एकच, प्रसंग जास्तीत जास्त तीन. नोंद अशी दिसायला हवी :

‘मंगळवार. साडेदहाला बँकेत. पासबुकचं मशीन बंद. मनात आलं, यांना लोकांच्या वेळेची किंमतच नाही. काउंटरवरच्या मुलीशी चढ्या आवाजात बोलले. मशीन तिच्या हातात नव्हतं. या वेळी माफ. पुढच्या वेळी आधी विचारायचं, कधी चालू होईल? दुपारी मुलाने काचेचा ग्लास फोडला. ओरडले नाही, आधी त्याचे पाय बघितले, मग काचा गोळा केल्या. जमलं.’

यात काय घडलं, मनाने कोणतं वाक्य जोडलं, मी काय केलं आणि पुढच्या वेळी काय, एवढंच आहे. ‘मी मूर्ख’, ‘मी कधीच सुधारणार नाही’ असे शब्द लिहिले गेले तर त्यांच्यावर काट मारा आणि तिथे घडलेली गोष्ट लिहा. पानावर ‘जमलं’ ही नोंद एक तरी हवीच. सुरुवातीला ती सापडायला वेळ लागतो, म्हणून दहा मिनिटांतली निम्मी तिला द्या. इतकं करूनही दोषच लिहिले जात असतील तर आठवडाभर फक्त ‘जमलं’च्या नोंदी करा, बाकी काही नाही.

रविवारी सात पानं चाळा आणि मनाने जोडलेल्या वाक्यांखाली रेघ मारा. एकच वाक्य तीन-चार पानांवर सापडतं, शब्द थोडे इकडेतिकडे. ते वेगळ्या चिठ्ठीवर लिहून ओट्याजवळ लावा. पुढचे सात दिवस तपासायचं ते तेवढंच वाक्य, बाकीच्यांना सध्या हात लावू नका.